रिंग बनवणाऱ्याचं नाव

आकाशात जायच्या वस्तूला हात लावायचा तर आधी त्या हाताचं शिक्षण विचारतात, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. लग्न ठरताना सासऱ्याने विचारलेलं, पण नेमकं तेव्हाच आमच्या काकाने पाणी मागितलं, पाण्यावरून चहा निघाला, चहावरून लग्नाची तारीख निघाली आणि माझं शिक्षण तसंच मागे राहिलं.

तर शिक्षण चौथी. तीही पुरती नाही. गुरुजींनी फळ्यावर भाकरी काढली, तिचे आठ तुकडे केले आणि मला उठवून विचारलं, तीन खाल्ले तर किती उरले? मी बोललो, भाजी काय होती त्यावर आहे. वर्ग हसला. गुरुजींनी मला बाहेर उभं केलं. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग घरी गेलो, तो अजून परत गेलेलो नाही.

आता त्याच तुकड्यांवर पोट भरतो. डोंबिवली पूर्वेला कारखान्यांच्या भागात एक शेड आहे, तिथे मी लेथवर असतो. लेथ म्हणजे धातूचा गोल तुकडा गरागरा फिरतो आणि आपण धारदार टूल लावून त्याला सोलतो. बटाटा सोलल्यासारखंच, फक्त इथे बटाटा फिरतो आणि सुरी थांबलेली. मिलीमीटरचे शंभर तुकडे मनात करायचे आणि त्यातले दोनसुद्धा इकडचे तिकडे होऊ द्यायचे नाहीत. तीस वर्षं हेच केलं. केमिकल कंपन्यांच्या पंपांचे बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या कड्या, शाफ्ट, आणि एकदा एका वडापाववाल्याच्या चटणीच्या मिक्सरचा दांडा. तो दांडा अजून फिरतोय. चटणी बेकार आहे, पण दांडा फिरतोय.

एक दिवस शेठ शेडमध्ये आला तो हातात पेढ्याचा पुडा घेऊन. शेठ माझ्याच वयाचा, शेड त्याच्या वडिलांची. मला मिस्त्री बोलतो.

"मिस्त्री, सरकारने आकाश उघडलं."

"बंद कधी होतं?"

"अरे गाढवा, धोरण आलंय. सॅटेलाइट, रॉकेट, सगळं आता खासगी कंपन्यांना करायला मोकळं. ठाण्यातल्या एका कंपनीचं काम आपल्याला मिळतंय. अंतराळाचं!"

मी पेढा घेतला. मला वाटलं, शेठला कुणीतरी गंडवलंय. गेल्या वर्षी असाच एक जण लिफ्टचं काम देतो बोलून आमची ड्रिल मशीन घेऊन गेलेला.

पण कंपनी खरी निघाली. शेठ मला ठाण्यात घेऊन गेला. बाळकुमला एक जुना गाळा, चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेले, आणि आत एवढी स्वच्छता की मला दारातच लाज वाटली. बुटांवर पिशव्या घालायला दिल्या, डोक्यावर जाळीची टोपी. काचेत बघितलं तर मी लग्नातला जिलेबीवाला दिसत होतो. काम समजावून द्यायला एक मॅडम होत्या. तिशीच्या असतील. बनवलेली वस्तू पास की नापास, हे ठरवणं त्यांचं काम. मला पहिल्यापासून काका बोलल्या.

मी विचारलं, "मॅडम, हे धोरण म्हणजे नक्की काय? आमचा शेठ सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं."

शेठ माझ्याकडे बघायला लागला.

"काका, आधी हे सगळं सरकार करायचं. खासगी कंपन्या सुटे भाग बनवून द्यायच्या, बाकी काही नाही. आता सॅटेलाइट आपलं आपण बनवायचं, आपण चालवायचं, त्याने वरून काढलेले फोटो आपण विकायचे. रॉकेटसुद्धा खासगी बनवू शकतात. सरकारची परवानगी घ्यायची, नियम पाळायचे, पण धंदा आपला."

"म्हणजे रिक्षाची परमिटं उघडली तसं."

"जवळजवळ तसंच. फक्त रिक्षा बंद पडली तर उतरून ढकलता येते."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत होतो. आमच्या धंद्यात सगळं उतरून ढकलता येतं. बुश घट्ट झाला तर घासून देतो, सैल झाला तर दुसरा देतो. इथे एकदा गेलं की गेलं.

काम होतं रिंगेचं. सॅटेलाइटच्या पोटात कॅमेरा, कॅमेऱ्यात भिंग आणि भिंगाला धरून ठेवणारी अॅल्युमिनियमची रिंग. बांगडीएवढी, आणि भिंत एवढी पातळ की दाबून धरली तर अंडं होते. हेच तर झालं. आमच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारी एक मशीन आहे, ती चालवणारा आयटीआय पास आहे, हुशार माणूस, मला मामा बोलतो. त्याने तीन दिवस शेडमधल्याच अॅल्युमिनियमवर रिंगा काढून बघितल्या. मशीनवर असेपर्यंत गोल, सोडवली की लांबट. तिसऱ्या दिवशी त्याने एक रिंग माझ्या हातात दिली आणि बोलला, "मामा, ही बघा, देवाला वाहायची केळ्याची चकती."

मी विचार केला की हिला बाजूने धरायचंच कशाला? बाईचा दंड धरला तर ती ओरडणारच. मी एक दांडा बनवला, रिंग त्यावर सैल बसेल असा, आणि रिंगेला दोन्ही तोंडांवरून नट लावून हलकी आवळली. बाजूला हातच नाही. आणि दुसरं म्हणजे, आधी जाडसर सोलायची, मग रात्रभर तशीच सोडून द्यायची. धातूचा राग असतो. सोलल्यावर तो फुगतो, रुसतो, अंग वाकडं करतो. त्याला रात्रभर झोपू द्यायचं, सकाळी शांत झाला की शेवटचा हात फिरवायचा. हे मला माझ्या उस्तादाने शिकवलेलं. तोही शाळेत गेलेला नव्हता. तो तर चौथीपर्यंतही नाही, त्यामुळे माझा मान ठेवायचा.

रिंगा गोल आल्या. दहा मागितलेल्या, दहा आल्या. आणि इथे मी माती खाल्ली.

उस्तादाची एक पद्धत होती, ती आमच्या सगळ्या लेथवाल्यांच्या अंगात आहे. गिऱ्हाइकाने दहा मागितले की अकरा द्यायचे. अकरावा प्रेमाचा. एखादा खराब निघाला तर गिऱ्हाइकाचं काम अडू नये, आणि आपली नियत दिसावी. कंपनीने रिंगा कापायला धातूचा दांडा मोजून दिलेला, त्यावर नंबर कोरलेला. मी कापताना एवढं बारीक कापलं की त्याच दांड्यातून अकरावी रिंग निघाली. छाती फुगली. अकराही रिंगा टेबलावर मांडल्या, मोजल्या, त्यातल्या दहा सुंदर निवडल्या, त्यांच्यावर एक ते दहा नंबर टाकले, आणि अकरावी कोरी रिंग पेपरात गुंडाळून वर ठेवली. आयटीआयवाल्याला वर लिहायला सांगितलं, "आमच्याकडून." मला वाटलेलं, मॅडम खूश होतील.

मॅडमचा फोन आला तो शेठला. शेठने फोन कानापासून लांब धरला, त्यामुळे मला फुकट ऐकायला मिळालं.

"ही अकरावी कुठून आली? तुम्हाला दांडा दिला त्यात दहाच बसतात. म्हणजे दुसरा धातू वापरला? आणि नंबर शेवटी टाकले? मग कुठली रिंग दांड्याच्या कुठल्या भागातली, हे मला कोण सांगणार? सगळ्या रिजेक्ट."

"मॅडम, एक जास्तीची दिली तर..."

"तीच तर चूक आहे!"

शेठने फोन ठेवला. "मिस्त्री, तीस वर्षांत मी तुला एकच गोष्ट शिकवू शकलो नाही. मागितलं तेवढंच द्यायचं." आणि चिडून बाहेर गेला. मी त्या आयटीआयवाल्याला बोललो, "बघ, जगात पहिला माणूस मी, जो प्रेम दिलं म्हणून नापास झाला." तो हसला. मी पण हसलो. दुसऱ्याने हसायच्या आधी आपणच हसून घ्यायचं, ही माझी जुनी पद्धत.

घरी सांगितलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. आम्ही कोपरला राहतो. बायको नौपाड्यात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. बाटल्यांवर पेशंटच्या नावाच्या चिठ्ठ्या लावायचं तिचं काम. ती मेथी निवडत होती, निवडता निवडताच बोलली.

"अहो, दहा माणसांचं रक्त घेतलं आणि टेबलावर अकरा बाटल्या. अकरावीवर चिठ्ठी नाही. काय करायचं?"

"अकरावी फेकायची."

"आणि उरलेल्या दहांवर चिठ्ठ्या बरोबर लागल्यात, हे कुणी सांगितलं? तुम्ही?"

मी मेथीची एक काडी उचलली.

"आमच्याकडे अकराच्या अकरा ओततात. दहा माणसांना परत बोलावतात, परत सुई टोचतात. आणि शिव्या कोण खातं? मी. बरोबर केलं तुमच्या मॅडमनी."

मॅडमने पंधरा मिनिटं ओरडून जे माझ्या डोक्यात शिरलं नाही ते हिने मेथीची एक जुडी निवडेपर्यंत घातलं. दुसऱ्या दिवशी मी शेठला सांगितलं, फोन लाव. मॅडमना बोललो, "चूक माझी. धातू तुमचाच होता. पुढच्या वेळी कापायच्या आधी नंबर टाकीन आणि उरलेला तुकडा, निघालेला चुरा, सगळा पिशवीत भरून परत देईन."  मग त्या बोलल्या, "मी शेडवर येते. काम कसं करता ते बघते. पास वाटलं तर अजून एकदा दांडा देऊ. पण सगळी कागदपत्रं लागतील."

त्या कागदपत्रांनी सगळा घोळ केला.

एक फॉर्म होता. प्रत्येक रिंगेसोबत तो फिरणार. कुठला धातू, कुठली मशीन, कुठलं टूल. आणि खाली, काम करणाऱ्याचं नाव, सही आणि शिक्षण. शेठने फॉर्म वाचून दाखवला आणि शिक्षणापाशी आल्यावर थांबला.

"इथे ह्याचं नाव टाकू," शेठ आयटीआयवाल्याकडे बोट दाखवून बोलला. "सर्टिफिकेट आहे ह्याच्याकडे. काम तू कर. पगार तुला तोच. फरक काय पडतो?"

मी बोललो, "काही नाही. तशीही रिंग वर गेल्यावर माझं नाव वाचायला कोण जातंय." आणि हसलो. आयटीआयवाला हसला नाही. तो बोलला, "शेठ, मला नको. उद्या कुणी विचारलं ही रिंग धरली कशी, तर मी काय सांगू? मामांना विचारा?"

"कोण विचारतंय!"

त्या संध्याकाळी घरी मी हेच हसत हसत सांगितलं. बायको बोलली, "ह्यात हसण्यासारखं काय आहे?"

"अगं, नावात काय."

"मी दिवसभर नावंच चिकटवते. मला विचारताय नावात काय?"

मी जेवलो, हात धुतले. एक गोष्ट मनात फिरायला लागली. तीस वर्षांत माझ्या हातून किती वस्तू गेल्या, त्याची गणती नाही. पंपात बसल्या, गंजल्या, भंगारात गेल्या. एकावरही माझं नाव नव्हतं आणि मला कधी वाईटही वाटलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं. इथे पहिल्यांदा एका कागदावर छापून आलेलं, ही वस्तू कुणी बनवली? तीस वर्षांनी एकदाच प्रश्न आला. आणि त्याचं उत्तर दुसऱ्याच्या नावाने द्यायचं? का? मी कुणाच्या घरात घुसलोय?

मॅडम शेडवर आल्या. शेठने खास पंखा लावला, खुर्ची पुसली, थंड मागवलं. फॉर्म पुढे केला. त्यावर आयटीआयवाल्याचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं. शेठ बोलला, "हे आमचे मेन ऑपरेटर." आयटीआयवाला खाली मान घालून उभा.

मी लेथ बंद केला. लेथ बंद झाला की शेडमध्ये अशी शांतता होते की पंख्याचा पण राग येतो.

"मॅडम, हा बनवत नाही. मी बनवतो. अकरा रिंगा मीच केल्या. दहा मागितलेल्या, अकरा मीच केल्या. शिक्षण चौथी. नापास की पास ते मलाही माहीत नाही, निकाल बघायला गेलो नव्हतो. लिहा."

"मिस्त्री!" शेठ ओरडला.

"ओरडू नका शेठ. खरं तेच बोलतोय."

मॅडमनी फॉर्मवर बोट ठेवलं. "काका, आमच्याकडे किमान आयटीआय लागतं."

"सरकारने दार उघडलं असं तुम्हीच सांगितलं. त्या धोरणात लिहिलंय का, की चौथीवाल्याने चपला बाहेर काढून बाहेरच थांबायचं?"

"धोरणात नाही. आमच्या फॉर्ममध्ये आहे."

"फॉर्म कुणी बनवला?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "मी."

शेठने डोळे मिटले. मला पण वाटलं, झालं, आता हे काम गेलं आणि माझ्या मागे शेठचा शिव्यांचा पट्टा चालू. पण एकदा तोंड उघडलेलं. मी बोललो, "मॅडम, आधी सगळं सरकारच्या हातात होतं, तेव्हा तुमच्यासारख्यांना पण कुणीतरी बोललंच असेल ना, की हे काम तुमचं नाही? मग कुणीतरी फॉर्म बदलला, तेव्हा तुम्ही आत आलात. आता आत आल्या आल्या दार लावून घेताय होय?"

हे मी ठरवून बोललेलो नाही. मला ठरवून चांगलं बोलता येत नाही.

मॅडमनी पर्समधून खोडरबर काढलं. मग पेन्सिलीचं नाव खोडलं. "एक मार्ग आहे. सर्टिफिकेट नसेल तर काम करून दाखवायचं. माझ्यासमोर तीन रिंगा. तीनही माझ्या मापात आल्या पाहिजेत, एकही सुटायला नको. प्रत्येक पायरी तुम्ही स्वतः लिहायची, दुसऱ्याच्या हाताने नाही. पास झालात तर शिक्षणाच्या जागी तेच लिहीन. नाही झालात तर पुण्याची एक शेड तयार आहे, काम त्यांना जाईल."

"मराठीत लिहिलं तर चालेल?"

"मला वाचता आलं तर चालेल."

माझं लिहिणं म्हणजे मुंग्यांनी सत्यनारायणाचा प्रसाद नेल्यासारखं. आता हेसुद्धा मी मोबाइलमध्ये बोलतोय आणि तो लिहितोय. पण आकडे मला छान येतात. दुसऱ्या दिवशी मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर माझ्या उजव्या हाताला बसल्या आणि मी एकेक पायरी करून एकेक ओळ काढत गेलो. कापायच्या आधी नंबर टाकला. जाडसर सोललं. "रिंग झोपवली" असं लिहिलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे काय?" मी धातूच्या रागाचं सांगितलं. त्यांनी माझं वाक्य तसंच ठेवलं आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजीत काहीतरी लिहिलं. बोलल्या, "ह्याला पुस्तकात मोठं नाव आहे, काका." मी बोललो, "मग ते नाव देणाऱ्याने चौथीत शाळा सोडली नसणार."

सकाळी शेवटचा हात फिरवायचा होता. पहिली रिंग उत्तम आली. मी खुशीत आलो. आणि खुशीत आलो की माझं तोंड चालतं, हाच माझ्या हाताचा सगळ्यात मोठा वैरी. दुसरी रिंग दांड्यावर चढवताना मी मॅडमना सासऱ्याची गोष्ट सांगत होतो, त्याने मला बघायला आल्यावर माझे हात उलटे करून बघितलेले, बैल घेताना दात बघतात तसे. मॅडम हसल्या, मी अजून रंगात आलो, आणि नट थोडासा जास्त फिरला. अर्धा फेरासुद्धा नाही. हाताला कळलं, पण तोपर्यंत तोंड सासऱ्यापाशी होतं.

रिंग सोलून झाली, सोडवली, मी माझ्या मापाने दोन बाजूंनी मोजली. एका बाजूला एक आकडा, दुसऱ्या बाजूला दुसरा. लांबट.

मॅडम तेव्हा पहिल्या रिंगेचा कागद भरत होत्या, त्यांनी दुसरी मोजलेली नव्हती. आयटीआयवाला माझ्या मागे आला आणि हळूच बोलला, "मामा, दाबा."

हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पातळ रिंग लांबट आली तर दोन तळहातांत धरून हलकी दाबायची, ती गोल होते. मापात येते. गिऱ्हाइक मोजतं, खूश होऊन घेऊन जातं. मी हे बुशांवर किती वेळा केलंय ते मोजू नका. बुश पंपात जातो, दुसरीकडून दाबला जातो, चालून जातं. पण दाबलेली रिंग मनातून लांबटच असते. ऊन लागलं, थंडी लागली, की हळूहळू परत जुन्या आकाराला जाते. आणि वर तर म्हणे एका बाजूला भयंकर ऊन आणि दुसऱ्या बाजूला भयंकर गारठा, दिवसातून कितीतरी वेळा. तिथे रिंग फिरली की भिंग फिरणार, भिंग फिरलं की फोटो गेला, आणि उतरून ढकलायला कुणी नाही.

मी शेठकडे बघितलं. शेठ छताकडे बघत होता. शेठ छताकडे बघतो तेव्हा त्याला खालचं काहीतरी दिसायला नको असतं.

रिंग माझ्या तळहातात होती. नुसतं मिटायचं. दोन सेकंद.

मी बोललो, "मॅडम, ती नापास वस्तूला लावायची लाल चिठ्ठी द्या."

"कशाला? मी अजून मोजली नाही."

"मी मोजली. गेली ही. नट जास्त आवळला, माझं लक्ष गोष्टीत होतं."

मॅडमने स्वतः मोजली. मग माझ्याकडे बघितलं. "काका, तीनही लागतात. एक गेली तर टेस्ट गेली. माहितीय ना?"

"माहितीय."

लाल चिठ्ठीवर दोन ओळी होत्या. बिघाड काय, आणि काम करणाऱ्याचं नाव. मी लिहिलं, "जास्त बोललो, जास्त आवळलं." खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. अंतराळाच्या कामात माझं नाव पहिल्यांदा लागलं ते नापास रिंगेवर. नाव पाहिजे बोलून भांडलो होतो ना? मग खराब वस्तूवर दुसऱ्याचं कसं चालेल?

मॅडम गेल्या. जाताना सांगून गेल्या, पुन्हा टेस्ट द्यायची असेल तर आठ दिवसांनी, पहिल्यापासून तीन रिंगा, आणि तोपर्यंत पुण्याला नमुना मागवलेला असेल.

शेठ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "दाबायला काय झालं होतं रे तुला? तीस वर्षं दाबतोयस."

"म्हणूनच."

"मी ह्याचं नाव घालून फॉर्म पाठवतो. ऐकायचं नाही मला."

"पाठवा. पण मग लेथवर पण ह्यालाच उभा करा. मी बुश करतो."

आयटीआयवाल्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "शेठ, मी सही करणार नाही. घरी जायचं असेल तर दोघं जातो."

शेठ आम्हा दोघांकडे बघत राहिला, दोन बैल एकाच वेळी बसले तर गाडीवाला बघतो तसा. मग बोलला, "चहा सांगा कुणीतरी," आणि ऑफिसात जाऊन बसला. फॉर्म गेला नाही.

आठ दिवस मी काय केलं? तोंड बंद ठेवायचा सराव. बायकोने रोज सकाळी एक लवंग दिली. "काम करताना दाढेत धरा. बोललात की पडेल." पहिल्या दिवशी अकरा वाजेपर्यंत चार लवंगा पडल्या. आठव्या दिवशी मॅडम परत येऊन खुर्चीवर बसल्या आणि मी नुसती मान हलवून नमस्कार केला. त्यांना वाटलं माझी दाढ दुखतेय.

पहिली आली. दुसरी आली. तिसरी सोडवताना माझे हात घामाने ओले झालेले, म्हणून पुसून घेतले आणि मग सोडवली. मॅडमनी ती चार बाजूंनी मोजली, मग अजून दोन बाजूंनी मोजली, मग बाळकुमला नेऊन मोठ्या मशीनवर मोजली. शेठने त्या दिवशी छताकडे एकदाही बघितलं नाही.

दोन दिवसांनी कागद आला. माझं नाव टाइप केलेलं. शिक्षणाच्या पुढे, "चौथी. प्रत्यक्ष काम करून पात्र." आणि खाली बारीक अक्षरात की हे फक्त ह्या एका रिंगेपुरतं, दुसरं काही बनवायचं तर परत टेस्ट. मला हे बरोबर वाटलं. मी काय सगळं आकाश मागितलं नव्हतं.

शेठ बोलला, "त्यांना सांगतो, चौथी तेवढं काढा. नुसतं पात्र ठेवा. दुसऱ्या गिऱ्हाइकाने बघितलं तर बरं दिसत नाही."

"हात लावू नका," मी बोललो. "चौथी काढली तर तो माणूस मी नाही."

त्यानंतर आणखी एका कंपनीची माणसं शेड बघायला आली, त्यांचाही तसाच फॉर्म. त्यांच्यातला एक साहेब शिक्षणापाशी थांबला आणि शेठला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी मधेच बोललो, "साहेब, मला विचारा. शिक्षण माझं आहे." त्याने विचारलं. मी सांगितलं आणि टेस्ट कधी घेताय, तेही विचारलं.

मॅडमचं सॅटेलाइट अजून वर गेलेलं नाही. परवानगी आहे, रॉकेटमध्ये जागा मिळायचीय. लोक विचारतात, गेलं नाही तर? किंवा गेलं आणि चाललं नाही तर? नाही चाललं तर ज्याची चूक असेल त्याने चिठ्ठी भरावी. माझी असली तर लाल चिठ्ठी पाठवा, मी सही करतो. पण कागदावरचं नाव तिथेच राहणार. कुणाला खोडायचं असेल तर डोंबिवलीला या, लेथजवळ उभे राहा, आणि माझ्या डोळ्यांदेखत खोडून दाखवा.